काटा बोलतो, पण कॉम्प्युटर ऐकत नाही!

मिक्सर चालेनासा झाला, तर सुजाण गृहिणी लगेच नवा घ्यायला धावत नाही. घरात लाइट आहे का, हे ती आधी पाहते. मग प्लग नीट बसला आहे का, ते चाचपते. मग मिक्सर उलटा करून तळाचे लाल बटण दाबून पाहते. एवढे करूनही तो मुकाच राहिला, तरच पिशवीत घालून दुरुस्तीला नेते. हा क्रम तिला कुणी शिकवलेला नसतो. संसार करता करता तो अंगवळणी पडतो.

मग हीच गृहिणी वजनकाट्याचा आकडा कॉम्प्युटरवर येईनासा झाला की एकदम हातपाय का गाळते बरे? “ते इलेक्ट्रॉनिक आहे, आपल्याला त्यातलं काय कळतंय!” असे म्हणून ती मोकळी होते, आणि येणारा माणूस सांगेल त्यावर मान डोलावते. खरे सांगायचे तर मिक्सरच्या आतला बिघाड शोधण्यापेक्षा हे काम सोपे आहे. त्याला लागते ती थोडी चिकाटी, एक वही आणि जमल्यास एक साधा मल्टिमीटर.

हल्ली मसाले, चिवडा, लाडू, पापड असे कितीतरी उद्योग भगिनी घरच्या घरी चालवतात. पूर्वी काट्यावरचे वजन पाहून हाताने चिठ्ठी लिहायची पद्धत होती. आता काटा कॉम्प्युटरला जोडलेला असतो. पिशवी ठेवली की वजन आपोआप बिलात उतरते, लेबलावर छापले जाते. गावच्या दूध संकलन केंद्रात वजन आणि फॅट असेच यंत्रातून कॉम्प्युटरमध्ये जातात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ततपासणीचे आकडेही याच वाटेने अहवालात येतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण ही वाट अडली, की सगळा कारभार ठप्प होतो!

“बोर्ड गेलं, नवीनच घ्या!”

आमच्या परिचयाच्या दोघी जावा घरीच दिवाळीचा फराळ करून विकतात. एका वर्षी ऐन वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या काट्याने असहकार पुकारला. काट्यावर आकडा दिसत होता, अगदी बरोबर पाचशे ग्रॅम. पण कॉम्प्युटरवरची वजनाची जागा कोरीच! दुरुस्तीवाला आला. त्याने काटा दोन-तीनदा चालू-बंद करून पाहिला आणि म्हणाला, “वहिनी, काट्याचं बोर्ड गेलं. दुरुस्तीत काही अर्थ नाही, नवीनच घ्या.”

थोरली पैसे काढायला उठलीसुद्धा. तेवढ्यात धाकटी म्हणाली, “थांबा वहिनी. काट्यावर आकडा बरोबर दिसतोय ना? मग काट्याचं काय बिघडलंय?”

“अगं, पण तो आकडा पुढे पाठवत नाही म्हणतात ना ते!”

“पाठवत नाही, की इकडे पोचत नाही? हे बघितलंय कुणी?”

प्रश्न बिनतोड होता. दुरुस्तीवाला गेल्यावर दोघी बसल्या आणि शेवटी कारण सापडले ते असे. दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकवले होते, सगळ्या तारा काढून, पुसून पुन्हा लावल्या होत्या. काट्याची तार कॉम्प्युटरच्या पहिल्या भोकाऐवजी शेजारच्या भोकात गेली. कॉम्प्युटरने तिला नवा नंबर दिला, पण बिलाचा प्रोग्राम मात्र जुन्याच नंबराच्या दारात वाट पाहत उभा! प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ३ च्या जागी ५ लिहिले, आणि काटा घडाघडा बोलू लागला. खर्च किती? काहीच नाही.

या दोघी जावांच्या गोष्टीतून एक महत्त्वाची खूण घेण्यासारखी आहे. काट्यावर आकडा बरोबर दिसतो आहे आणि कॉम्प्युटरही इतर कामे नीट करतो आहे, तर बहुतेक वेळा बिघाड या दोघांत नसून दोघांच्या मध्ये असतो: तारेत, जोडणीत किंवा सेटिंगमध्ये. ही मधली वाट स्वतः तपासल्याखेरीज कोणतेही यंत्र बदलायला होकार देऊ नये.

हे बोलणे चालते तरी कसे?

काट्याच्या पाठीमागे पाहा. इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे, नऊ पिनांचे एक तोंड असते. त्याला सीरियल पोर्ट म्हणतात, आणि त्यातून चालणाऱ्या बोलण्याच्या पद्धतीचे नाव आरएस-२३२. ही पद्धत १९६० साली अमेरिकेत ठरली. तेव्हा ती टेलिप्रिंटरसारखी यंत्रे टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या मोडेमला जोडण्यासाठी होती. साठ वर्षे उलटून गेली तरी काटे आणि तपासणीची कितीतरी यंत्रे तिलाच धरून आहेत, कारण ती साधी आणि स्वस्त आहे.

नऊ पिना पाहून बिचकू नका. काट्याच्या कामाला बहुधा तीनच लागतात. कॉम्प्युटरच्या बाजूला २ नंबरची पिन ऐकण्याची, ३ नंबरची बोलण्याची, आणि ५ नंबरची दोघांत सामायिक. एकाच्या तोंडाची तार दुसऱ्याच्या कानाला गेली पाहिजे, एवढेच यातले मर्म. तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडला, तर बोलणे कसे होणार?

दुसरी गोष्ट अशी, की काटा एकेक अक्षर सुटे करून एकाच तारेवरून एकामागून एक ठिपके पाठवावेत तसे पाठवतो. त्या ठिपक्यांना ‘बिट’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वेगळी ताल देणारी तार नसते. म्हणून कोणत्या लयीत बोलायचे, हे दोघांनी आधीच ठरवलेले असावे लागते. या लयीला बॉड रेट म्हणतात. ९६०० हा नेहमीचा वेग. एका अक्षराला सुरुवातीचा, मजकुराचे आठ आणि शेवटचा असे दहा बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

एकूण चार गोष्टी दोन्हीकडे सारख्या असाव्या लागतात: वेग, मजकुराचे बिट (७ की ८), पॅरिटी (म्हणजे पडताळणीचा जादा बिट आहे की नाही आणि असला तर सम की विषम) आणि शेवटचे बिट. काट्याच्या माहितीपुस्तिकेत हेच थोडक्यात ‘९६००, ८, एन, १’ असे छापलेले असते. यातला ‘एन’ म्हणजे पॅरिटी नाही.

आधी लक्षण ओळखा

ताप आला की आपण विचारतो ना, थंडी वाजते का, घसा दुखतो का? तसेच इथेही करावे. लक्षणे चारच आहेत.

१. कॉम्प्युटरवर काहीच येत नाही.
२. काहीतरी येते, पण वेडीवाकडी चिन्हे येतात.
३. मधूनच येते, मधूनच थांबते.
४. आकडा येतो, पण तो चुकीचा असतो.

प्रत्येकाचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. एक नियम मात्र चारही ठिकाणी पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आमटी खारट झाली म्हणून पाणी, बटाटा आणि लिंबू एकदम घातले, तर कशाने सुधारली ते कसे कळणार? तार बदलली, सेटिंगही बदलले आणि काटा चालू झाला, तर पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अंधारातच!

काहीच येत नसेल तर

अशा वेळी पुढील क्रमाने जावे.

*तार दोन्हीकडे घट्ट आहे का ते पाहा.* नऊ पिनांच्या तोंडाला दोन बाजूंना दोन लहान स्क्रू असतात. ते शोभेचे नव्हेत, बरं का! ते आवळलेले नसले, तर तार अर्धवट बाहेर येते.

*काटा पाठवण्याच्या तयारीत आहे का ते पाहा.* काही काटे सतत आकडे पाठवत राहतात. काही ‘प्रिंट’ बटण दाबल्यावरच पाठवतात. काही तर कॉम्प्युटरने मागितल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. काट्याच्या सेटिंगमध्ये यातले काय निवडले आहे, आणि तुमचा प्रोग्राम काय अपेक्षितो आहे, हे जुळले पाहिजे. काट्याची बॅटरी पूर्ण उतरून सेटिंग मूळपदावर गेले, तर हा घोटाळा होऊ शकतो.

*पोर्टचा नंबर पाहा.* आजकालच्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचे तोंड क्वचितच असते. म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावतात. कॉम्प्युटरच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘पोर्ट्स’ या ओळीखाली कॉम ३, कॉम ४ असे नंबर दिसतात. कन्व्हर्टर काढला की एक नाव नाहीसे होते, लावला की परत येते. तोच तुमचा नंबर. प्रोग्राममध्येही तोच हवा. कन्व्हर्टर नेहमी एकाच भोकात लावावा आणि त्या भोकाशेजारी कुंकवाच्या टिकलीची खूण करून ठेवावी, म्हणजे साफसफाईनंतर घोळ होत नाही.

*नावाशेजारी पिवळे चिन्ह असेल तर ड्रायव्हर पाहा.* ड्रायव्हर म्हणजे कन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये कधी नकली चिप असते आणि ती अचानक दगा देते. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर जगभर गोंधळ उडाला होता. एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला आणि तिच्या चिपची नक्कल असलेले कन्व्हर्टर एका रात्रीत निकामी झाले! लोकांच्या तक्रारीनंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. तात्पर्य, काल चालणारा कन्व्हर्टर अपडेटनंतर आज बंद पडला, तर दोष काट्याला देऊ नये.

*दुसरा प्रोग्राम दार अडवून बसला आहे का ते पाहा.* सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामचे ऐकतो. मुलाने काही तपासायला दुसरा प्रोग्राम उघडून ठेवला असेल, तर बिलाच्या प्रोग्रामला तो पोर्ट मिळत नाही. सगळे बंद करून, कॉम्प्युटर एकदा पुन्हा सुरू करून पाहावे.

दोन सोप्या चाचण्या

इतके करूनही शांतताच असेल, तर कोणत्या बाजूला दोष आहे, हे दोन चाचण्यांनी ठरवता येते.

पहिली चाचणी कॉम्प्युटरच्या बाजूची. काट्याची तार काढावी. कन्व्हर्टरच्या तोंडावरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या लहानशा तुकड्याने किंवा पेचकसाच्या टोकाने एकमेकींना जोडाव्यात. पिनांचे नंबर तोंडावर अगदी बारीक कोरलेले असतात. चष्मा लावूनच पाहा! आता ‘पुटी’सारखा एखादा फुकट मिळणारा टर्मिनल प्रोग्राम उघडावा, त्यात आपला कॉम नंबर निवडावा आणि काहीही टाइप करावे. जे टाइप केले तेच पडद्यावर उमटले, तर कॉम्प्युटर, कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर हे तिघेही निर्दोष. बोलणे तोंडातून निघून स्वतःच्याच कानात परत आले, असा याचा अर्थ. पिना सोडल्यावर मात्र उमटणे थांबले पाहिजे.

दुसरी चाचणी काट्याच्या बाजूची. तार काट्याला जोडलेली ठेवावी आणि काटा सुरू ठेवावा. कॉम्प्युटरकडचे टोक मात्र मोकळे ठेवावे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी सळई ५ नंबरवर आणि लाल २ नंबरवर लावावी. काटा गप्प असताना तिथे उणे ३ ते उणे १५ च्या दरम्यान व्होल्ट दिसले पाहिजेत. बहुधा उणे ५ ते उणे १२ दिसतात. उणे चिन्ह पाहून मीटर बिघडला असे समजू नका, या पद्धतीत शांततेची खूण उणेच असते. काटा सतत आकडे पाठवत असेल, तर मीटरवरचा आकडा थरथरतो.

२ नंबरवर काही नाही, पण ३ नंबरवर हे व्होल्ट आहेत, असे दिसले तर? मग तोंडाला तोंड जोडले गेले आहे. दुकानात उलटसुलट जोडणीची तार मिळते, तिला नल मोडेम केबल किंवा क्रॉस केबल म्हणतात. ती आणावी. दोन्हींवर काहीच नसेल, तर आधी दुसरी तार लावून पाहावी. तार बदलूनही काही दिसले नाही, तरच काट्याच्या बोर्डाकडे बोट दाखवावे.

दोन्ही चाचण्या पास झाल्या आणि तरीही प्रोग्राम ऐकत नाही? मग त्याच्या सेटिंगमध्ये ‘फ्लो कंट्रोल’ किंवा ‘हँडशेक’ असा शब्द शोधावा. तीनच तारांची केबल असेल, तर तिथे ‘नन’ हवे. नाहीतर प्रोग्राम अशा इशाऱ्याची वाट पाहत बसतो, जो आणणारी तारच तिथे नसते.

वेडीवाकडी चिन्हे येत असतील तर

ही खरे म्हणजे आनंदाची बातमी! तार ठीक आहे, पोर्ट ठीक आहे, काटा बोलतो आहे. फक्त लय चुकली आहे. सगळीच अक्षरे निरर्थक असतील, तर वेग जुळत नाही. काट्याच्या पुस्तिकेतला वेग पाहून तोच प्रोग्राममध्ये घालावा. पुस्तिका हरवली असेल, तर १२००, २४००, ४८००, ९६००, १९२०० असे एकेक करून पाहावे.

काही अक्षरे बरोबर आणि काही चुकीची येत असतील, तर मात्र पॅरिटी पाहावी. याची एक गमतीदार खूण आहे. काटा ७ बिट आणि सम पॅरिटीने बोलतो आहे आणि कॉम्प्युटर ८ बिट, पॅरिटी नाही असे ऐकतो आहे, अशा वेळी ०, ३, ५, ६ आणि ९ हे आकडे बरोबर येतात, तर १, २, ४, ७ आणि ८ च्या जागी चमत्कारिक चिन्हे उमटतात. पाचशे ग्रॅमची पिशवी ठेवली तर सगळे ठीक वाटते, अडीचशेची ठेवली की गोंधळ! अशा वेळी काटा मुद्दाम त्रास देतो आहे असे वाटेल. पण दोष सेटिंगचा असतो.

मधूनच येत असेल तर

हा बिघाड सर्वांत चिडचिड करणारा. तार वाकवून, हलवून पाहावी. हलवल्यावर येणे-जाणे होत असेल, तर ती आतून तुटते आहे. चिकटपट्टी न लावता सरळ बदलावी.

तारेची लांबीही पाहावी. या पद्धतीसाठी मुळात सांगितलेली मर्यादा ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर आहे. काटा मागच्या पडवीत आणि कॉम्प्युटर माडीवर असा थाट असेल, तर आरएस-४८५ नावाची दुसरी पद्धत वापरतात. ती १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते.

कॉम्प्युटर थोडा वेळ बिनकामाचा राहिला की आकडे थांबतात, असे असेल तर त्याचे वीज वाचवण्याचे सेटिंग यूएसबीला झोपवत असेल. ते बंद करता येते. आणि मिक्सर, घरघंटी किंवा पंप सुरू झाला की घोटाळा होत असेल, तर काट्याची तार त्यांच्या विजेच्या तारेला चिकटून जात नाही ना, ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. काटा एका खोलीतल्या आणि कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, त्यात एकाचे अर्थिंग खराब, अशी स्थिती असेल तर त्या ५ नंबरच्या तारेतून नको तो प्रवाह वाहतो आणि पोर्ट जळतो. दोन्ही यंत्रे शक्यतो एकाच तीन पिनांच्या बोर्डावर असावीत. तार काढताना-लावताना दोन्ही बंद करावीत. विजा चमकू लागल्या, की प्लगबरोबर ही मधली तारही काढून ठेवावी.

वायफायवरचे यंत्र रुसले तर

लेबल छापण्याचे प्रिंटर आणि काही नवे काटे तारेऐवजी घरच्या वायफायवर किंवा लॅनच्या तारेवर चालतात. इथे कॉम नंबरऐवजी प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, १९२.१६८.१.२० असा चार आकड्यांचा. हे पत्ते राउटर वाटतो, आणि तेही भाडेकरूला खोली दिल्यासारखे, मुदतीने! लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की प्रिंटरला वेगळी खोली मिळू शकते. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर पत्रे टाकत बसतो.

म्हणून प्रिंटरमधून त्याच्या सेटिंगचा कागद छापून पत्ता पाहावा आणि कॉम्प्युटरमधला पत्ता तोच आहे का ते तपासावे. घरच्या नेहमीच्या मांडणीत पहिले तीन आकडे दोन्ही यंत्रांचे सारखे असतात. नसले तर दोघे वेगवेगळ्या जाळ्यांत आहेत. कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत ‘पिंग’ हा शब्द आणि पुढे तो पत्ता लिहिला, की त्या दारावर टकटक होते. उत्तर आले तर वाट मोकळी आहे. वाट मोकळी असूनही काम होत नसेल, तर प्रोग्राममधला पोर्ट क्रमांक आणि कॉम्प्युटरची फायरवॉल पाहावी. एकदा सगळे जुळले, की राउटरमध्ये तो पत्ता त्या यंत्रासाठी कायमचा राखून ठेवता येतो. हे काम आवर्जून करून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी. अशी बरीच यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात, ५ चे नाही. तसेच पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वायफायवर यंत्रांना बहुधा एकमेकांशी बोलता येत नाही. वायफायचा पासवर्ड बदलला, तर तो यंत्रातही बदलावा लागतो, हे तर ओघाने आलेच.

सर्वांत घातक बिघाड

आकडा आला नाही, तर निदान आपल्याला कळते तरी. पण चुकीचा आकडा गुपचूप आला, तर? कॉम्प्युटरने छापला म्हणजे बरोबरच, असे आपण धरून चालतो. गिऱ्हाइकाला कमी माल गेला तर विश्वास जातो, जास्त गेला तर नफा जातो.

हे होते कसे? बरेच काटे वजनासोबत ‘काटा स्थिर आहे’ किंवा ‘अजून हलतो आहे’ अशी खूणही पाठवतात. प्रोग्रामने त्या खुणेकडे लक्ष दिले नाही, तर पिशवी ठेवता ठेवताच अर्धवट वजन बिलात उतरते. डब्यासकट वजन आणि निव्वळ वजन यांची खूणही अशीच वेगळी असते. शिवाय काही प्रोग्राम ओळीतली ठरावीक जागा मोजून आकडे उचलतात. काटा बदलला आणि नव्याची ओळ एका घराने सरकलेली असली, तर पहिला किंवा शेवटचा आकडा कापला जातो. १२५० चे २५० किंवा १२५ होतात!

उपाय अगदी घरगुती आहे. रोज काम सुरू करण्यापूर्वी ओळखीची तीन वजने ठेवावीत: एक लहान, एक मधले, एक मोठे. काट्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा दोन्ही ताडून पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे. दूध घालायला जाणाऱ्या भगिनींनीही काट्यावरचा आकडा पाहून मगच पावती घ्यावी. लॅबचा अहवाल हाती आला, की नाव, वय आणि तारीख आधी वाचावी, आणि आकडा प्रकृतीशी अगदीच विसंगत वाटला तर पुन्हा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला संकोचू नये.

वहीत काय लिहून ठेवावे?

सगळे सुरळीत चालू असतानाच एका पानावर एवढे लिहावे:

• काट्याचे आणि कन्व्हर्टरचे मॉडेल.
• वेग, बिट, पॅरिटी, शेवटचे बिट आणि फ्लो कंट्रोल.
• कॉम नंबर आणि कन्व्हर्टर लावण्याचे भोक.
• वायफायवरच्या यंत्राचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक.
• तार सरळ आहे की क्रॉस.
• बिघाड झाला ती तारीख, लक्षण आणि कशाने बरा झाला.

काट्याच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर आणखी चांगले.

दुरुस्तीवाला आल्यावर त्याच्याशी भांडू नये. चांगला कारागीर असेल तर तुमच्या वहीने त्याचेही काम हलके होते. फक्त विचारावे, “दादा, पिनेवर व्होल्ट किती येतात ते दाखवता का? दुसरी तार लावून पाहिली का?” या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय नव्या यंत्राला होकार देऊ नये. आणि काटा उघडून पाहण्याचा मोह मात्र तुम्हीही टाळावा. व्यवसायाच्या काट्याला वजनमाप खात्याचे सील असते. ते तुटले, तर काटा पुन्हा पडताळून घेतल्याशिवाय त्यावर माल विकता येत नाही. वर सांगितलेल्या कोणत्याही चाचणीसाठी काटा उघडावा लागत नाही.

सणासुदीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधीच एखाद्या निवांत दुपारी हे सगळे एकदा करून पाहा. पिना मोजा, कॉम नंबर शोधा, तीन वजने ठेवून पाहा आणि पान लिहून काढा. एक जादा तारही आणून कपाटात ठेवा. म्हणजे ऐन घाईत काटा रुसला, तरी पैशांच्या डब्याआधी तुमचा हात त्या वहीकडे जाईल.